महूला पानं फुटली अन् चित्र गेलं

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी येतात. एक बिघडलेली वस्तू आणि दुसरी ती कशी बिघडली याची कहाणी. वस्तू दुरुस्त झाली की गिऱ्हाईक घेऊन जातं. कहाणी परत न्यायला आजवर कोणी आलेलं नाही! त्या साठत जातात. खापर गावातल्या आमच्या दुकानात जुन्या टीव्हींनी जागा अडवलीच आहे, पण त्याहून जास्त अडचण या कहाण्यांची झाली आहे. म्हटलं, थोड्या बाहेर काढून ठेवू.

दुकान आम्हा दोघांचं, माझं आणि हिंमत आप्पांचं. मी चौथीपर्यंत शिकलो, बोलायला सावकाश. आप्पा आधी लग्नांत लाउडस्पीकर लावायचे. तो धंदा गेला, आवाज तेवढाच राहिला. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत आप्पांची तीन होतात आणि त्यातलं एक तरी कोणाला झोंबतं.

तीस वर्षं आम्ही बांबूवर ॲन्टेना चढवले. मग तालुक्याचा सरकारी टॉवर बंद झाला. सगळं डिजिटल झालं म्हणे. चित्र आता थेट आकाशातून येतं, गोल डिशमध्ये. येतं तेव्हा काचेसारखं लख्ख येतं, नाही तर अजिबात येत नाही. मधलं काही शिल्लकच नाही! पूर्वी पडद्यावर मुंग्या असल्या तरी त्या मुंग्यांमागे बाई रडते आहे की बातम्या सांगते आहे, एवढं कळायचं. आता नुसता निळा पडदा आणि इंग्रजीत दोन शब्द. ज्यांना सही करता येत नाही, त्यांनाही ते दोन शब्द वाचता येऊ लागले. "बापू, नो सिग्नल शे!" असं ओरडतच माणसं दुकानात शिरतात.

*

या सगळ्यांत एकाचं मात्र हसण्यावारी नव्हतं. त्याचं नाव रूमाल्या.

मोलगीच्या वर जीप जिथे थांबते, तिथून तासभर चढून गेलं की त्याचा पाडा लागतो. शिमग्याच्या तोंडावर कुठल्याशा योजनेत त्या पाड्याला डिश मंजूर झाल्या. मार्च संपायच्या आत बसवून फोटो पाठवायचे होते. योजनेच्या साहेबांनी आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं. बावीस घरं, बावीस डिश, दोन दिवस!

त्यातल्या नऊ घरांत वीज नव्हती. सोलरची पाटीही नव्हती. आप्पांनी साहेबांना विचारलं, "साहेब, हाई लोके टीव्ही कसावर पाहतीन?"

साहेब म्हणाले, "डिश आमची. वीज दुसऱ्या ऑफिसची."

फोटो मात्र बावीस घरांचे छान आले!

रूमाल्याकडे सोलरची पाटी होती, छोटा टीव्हीही होता. घर महूच्या, म्हणजे मोहाच्या, मोठ्या झाडाखाली. फुलं वेचायचे दिवस होते. झाड फुलांनी भरलेलं, पान एकही नाही. मी डिश बसवली, चित्र लख्ख आलं. त्याच्या पोराचं, दिवाल्याचं, लग्न ठरत होतं. मुलीचा बाप अंगणातच बसला होता. त्याने मला विचारलं, "बारा महिने दिसेल?"

मी म्हणालो, "बारा महिने दिसेल."

इतकी वर्षं या कामात गेली, पण मी पडलो सपाटीवरचा माणूस. माझ्या डोक्यात नुसतं आभाळ होतं. झाडाला पानं फुटतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही!

लग्न झालं. सून आली, रेशमी नाव तिचं. पंधरा दिवस तिने रोज आपली मालिका पाहिली. मग महूला पानं फुटली. जेठात झाड असं भरलं की खालून आभाळ दिसेना. चित्र गेलं. आणि चित्रामागोमाग रेशमी गेली, मोलगीला, माहेरी. भांडण नाही, रडारड नाही. जाताना सासऱ्याला म्हणाली, "नवरा चांगला आहे. तूपण चांगला आहेस. पण लग्नाआधी सांगितलं ते खोटं निघालं. पानं गळली की येते."

डोंगरात सुनेला जबरदस्तीने नांदवत नाहीत. तिच्या बापाचा निरोप आला की दिवाळीपर्यंत वाट पाहू, मग पंच बसवू आणि मोकळं होऊ. महूची पानं तर गळणार होळीच्या सुमाराला!

खोटं बोललो होतो मी, आणि घर मोडत होतं रूमाल्याचं.

मोलगीच्या बाजारात आम्ही ताडपत्री अंथरून बसतो. रूमाल्या दर बाजाराला यायचा. समोर उकिडवा बसायचा आणि माझ्याकडे पाहत राहायचा. शिवी नाही, तक्रार नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते पाहणं सहन व्हायचं नाही, म्हणून आप्पा त्याला एकेक किस्सा ऐकवायचे. त्यातलेच हे.

*

खापरच्या पलीकडे एका गावात नथ्थूनाना पाटील. टॉवरच्या काळात त्यांचा ॲन्टेना चाळीस फुटी लोखंडी पाइपवर होता. गावात कोणाचा मान विहिरीवर असतो, कोणाचा ट्रॅक्टरवर. नानांचा मान त्या पाइपवर होता.

डिश आली तेव्हा मी म्हणालो, "नाना, ही धाब्यावर बसवू. गच्चीच्या कठड्याला."

"म्हंजे शेजारीना बरोबर?" नानांचा चेहराच उतरला.

शेवटी डिश चाळीस फुटांवर चढली. वारा सुटला की ती वर डोलायची आणि खाली टीव्हीतली बाई तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजायची. वारा पडला की उरलेलं वाक्य पुरं करायची! नाना रोज आम्हाला बोलवायचे. मी सावकाश समजावलं, "नाना, तो उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर आहे. चाळीस फुटांनी त्याला काय फरक पडतो?"

नानांनी पाइपकडे वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "छत्तीस हजारमातून चाळीस फूट तं कमी झायात ना, बापू!"

आप्पांनी हा किस्सा बाजारात सांगितला. भोवतीचे सगळे हसले. रूमाल्या हसला नाही. त्याने विचारलं, "त्याची सून घरी आहे?"

"शे ना!"

"मग डोलू दे," रूमाल्या म्हणाला.

*

अक्कलकुव्याचे एक रिटायर क्लार्क. ॲन्टेनाच्या काळात रोज संध्याकाळी ते गच्चीवर आणि त्यांची बायको खाली टीव्हीसमोर. वरून आवाज यायचा, "चित्र उनं का?" खालून, "उनं! ... गयं! ... तठेच थांबा! ... पुन्हा गयं!" अख्ख्या गल्लीला पाठ झालेलं होतं ते.

आम्ही डिश बसवली. दहा मिनिटांत सगळे चॅनेल आले. आता वर चढायचं कामच नाही. क्लार्कसाहेब खूश.

आठ दिवसांनी बाई दुकानात आल्या. हातातल्या पिशवीत जुन्या ॲन्टेनाच्या दांड्या. म्हणाल्या, "बापू, डिश काढी टाक. मन्हा जुना परत लाव."

"का हो बाई? चित्र चांगलं येत नाही का?"

"चित्र चांगलं शे. पन पहिले तो संध्याकायना घंटाभर तरी वर ऱ्हाये!"

*

तळोद्याचे एक शेठ. मोठं घर, नवी डिश. आमच्याकडे उपग्रह आग्नेयेला असतो, म्हणून डिशचं तोंड आग्नेयेला करावं लागतं. मी तसं करून आलो. दुसऱ्या दिवशी फोन, नो सिग्नल. गेलो, तर डिशचं तोंड ईशान्येला! फिरवून परत आलो. पुन्हा फोन. पुन्हा ईशान्येला!

तिसऱ्या वेळी शेठच म्हणाले, "मीच फिरवतो. वास्तूवाला सांगी गया. म्हने, आग्नेयमा भट्टी ठेवतस. घरना वर काही बसाडानं तं तोंड ईशान्यले पाहिजे."

आप्पांचा आवाज चढला. "शेठ, उपग्रह आग्नेयले शे!"

"तेच तं! ज्यानी तो तठे लटकाया, त्यानी वास्तूवालाले इचारं का?"

डिश ईशान्येला ठेवून आलो. महिन्याने शेठ रस्त्यात भेटले. चेहऱ्यावर तेज. म्हणाले, "आप्पा, टीव्ही बंद शे तवपासून सासू-सुनास्ना भांडणं बंद, पोरे पुस्तक उघडतस, मी नऊले झोपस. वास्तूना फरक पडना का नही?"

हे ऐकून रूमाल्या पहिल्यांदा माझ्याऐवजी आप्पांकडे पाहायला लागला. मग म्हणाला, "त्याच्या घरी चित्र नाही म्हणून सून गोड झाली. माझ्या घरी चित्र नाही म्हणून सून गेली. वर उपग्रह एकच आहे ना रे तुमचा?"

आप्पांनी घाईने पुढचा किस्सा काढला.

*

खापरातलेच कौतिकभाऊ. वैशाखात रोज दुपारी बाराला त्यांचं चित्र जायचं आणि चारच्या सुमाराला आपोआप परत यायचं. आप्पांनी आधी वायर बदलली. मग बॉक्स बदलला. मग डिशच्या पुढचं ते बोंड बदललं. चित्र आपलं बाराला जातंय, चारला येतंय. ऑफिसात माणूस इतका वेळेवर येत नाही!

चौथ्या दिवशी आप्पा हट्टाने भर उन्हात धाब्यावर जाऊन बसले. बारा वाजले. जिन्यातून कौतिकभाऊंची बायको वर आली. डोक्यावर परात, काखेत प्लास्टिकचा कागद. कागद डिशवर अंथरला आणि त्यावर ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे पापड, टाकायला लागली. जागा खरंच झकास. खोलगट, उन्हाकडे तोंड, कुत्र्याची भीती नाही.

आप्पा ओरडले, "वहिनी! यानामुयेच तं चित्र जास!"

"माले माहीत शे," वहिनी म्हणाल्या. हात थांबला नाही.

"मंग सांगं का नही? तीन दिवस झायात, मी डोकं फोडी ऱ्हायनू!"

वहिनींनी कठड्यावरून खाली बोट दाखवलं. खाली अंगणात दोन खाटा भरून बिबडे पसरलेले आणि त्यांच्यापाशी काठी घेऊन कौतिकभाऊ बसलेले. कपाळाला आठ्या. "टीव्ही चालू ऱ्हायना तं हाऊ माणूस तठे बसता का? तठला बिबडास्ले कोन राखी? कावळा?"

आप्पांच्या पुढ्यात ताटभर बिबडे आले. आप्पा ते खाऊन खाली उतरले आणि कौतिकभाऊंना म्हणाले, "भाऊ, इलाज नही. उन्हायामा उपग्रह दुपारनी झोप लेस."

कौतिकभाऊ अजून लोकांना हे समजावून सांगतात. काहींना पटलंही आहे!

*

आता ऑफिसाचं. हा किस्सा आप्पा बाजारात सांगायचे नाहीत, कारण तो रूमाल्याचाच होता.

जेठात चित्र गेलं, तेव्हाच आम्ही योजनेच्या ऑफिसात अर्ज दिला. आप्पा बोलले, मी लिहिलं. डिशवर त्यांचाच छापील कागद चिकटवलेला होता, 'लाभार्थ्याने डिश जागेवरून हलवू नये'. म्हणून हलवायची परवानगी मागितली.

आषाढात साहेब स्वतः पाहणीला आले. रेनकोट घालून, धापा टाकत पाड्यावर चढले. मी बरोबर होतो. वीज नसलेल्या पहिल्या घरी डिशमध्ये कोंबड्यांना दाणे टाकले होते. दुसऱ्या घरी तिचं धान्याच्या कणगीला झाकण केलं होतं. तिसऱ्या घरी कौलं फुटली होती, तिथे डिश वर पालथी घातली होती आणि खाली थेंब गळत नव्हता. साहेबांनी तिन्ही घरं पाहिली आणि वहीत लिहिलं, 'लाभार्थी डिशचा दैनंदिन वापर करीत आहेत.'

चुकीचं तरी कसं म्हणावं!

मग रूमाल्याच्या अंगणात आले. वर पाहिलं. म्हणाले, "फांदी आडवी येते. तोडून टाक."

डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, साहेबालाही आणि देवालाही. रूमाल्या म्हणाला, "तू तोड."

"मी?"

"डिश तुझी आहे. महू माझा एकट्याचा नाही, सात भावांचा आहे. ही फांदी धाकट्याची. त्याची पोरं हिच्याखाली फुलं वेचतात." मग म्हणाला, "सून गेली तर माझं एक घर मोडेल. फांदी तोडली तर सात घरं मोडतील."

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. महिन्याने पत्र आलं की अडथळा झाडाचा असल्याने झाडांच्या ऑफिसात अर्ज करावा.

मी तिथे गेलो. तिथला क्लार्क भला माणूस. त्याने कागद नीट वाचला. म्हणाला, "बाबा, झाड शंभर वर्षं तिथेच उभं आहे. ते कोणाच्या आड आलेलं नाही. उपग्रह नंतर आला. म्हणजे अडथळा कोणी केला?"

"उपग्रहाने," मी म्हणालो. मला दुसरं काय म्हणता येणार?

"मग तो कुठल्या गट नंबरवरून जातो, तेवढं आणा."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण पेन फॉर्मच्या रकान्यावर टेकवून तो खरंच थांबला होता! मी म्हणालो, "साहेब, तो वर असतो. आकाशात."

त्याने रकान्यात लिहिलं, 'अर्जदारास गट नंबर सांगता आला नाही.'

परवानगी येईपर्यंत थांबू, असं म्हणत मी श्रावण घालवला, भादवा घालवला. नाल्याला पाणी होतं, जीपची वाट बंद होती, हेही खरं. पण खरं सांगायचं तर मी त्या छापील कागदाला घाबरलो होतो. दर बाजाराला रूमाल्या यायचा आणि समोर बसायचा. एकदा त्याने फक्त एवढंच विचारलं, "रेशमीच्या बापाला तू सांगितलंस बारा महिने. बाराच महिने ना? वर्षातले?"

"हो," मी म्हणालो.

"तेच विचारलं. मी चुकून जास्त ऐकलं असेल म्हणून."

*

दसरा झाला आणि मी आप्पांना म्हणालो, "चला. परवानगी गेली खड्ड्यात."

आप्पा म्हणाले, "बापू, आज तू एका दमात बोलना!"

पाड्यावर गेलो. महू डोक्यावर गच्च भरलेला. मी सिग्नल मोजायचा मीटर घेऊन अंगणभर फिरलो. एकही जागा मोकळी नाही. शेवटी झाडाच्या सावलीबाहेर, शेताच्या बांधाच्या वर, एक सपाट जागा सापडली. तिथून आग्नेयेचं आभाळ स्वच्छ. खड्डा खणला, खांब रोवला, दगडगोटे ठोकून घट्ट केला. डिश बसवली. सोबत नेलेल्या छोट्या टीव्हीवर चित्र पाहिलं. लख्ख! असं चित्र मी खापरातसुद्धा पाहिलं नव्हतं. रूमाल्या मागे उभा राहून पाहत होता. दिवाल्याही होता. तो पडद्याकडे कमी आणि खाली मोलगीच्या बाजूला जास्त पाहत होता.

आता अडलं ते वायरवर. योजनेतून प्रत्येक घराला दहा मीटर वायर आलेली. घरापासून डिश होती चांगली साठ पावलं. एवढी लांब वायर आमच्याकडेही नव्हती. ती नंदुरबारहून आणायची होती.

मी रूमाल्याला हात धरून खांबापाशी नेलं आणि सांगितलं, "दादा, डिश आता बरोबर बसली. हिला केसभरही हलवायचं नाही. वारा असो, गुरं असोत, काही असो. ही हलली तर सगळं गेलं. घर आणि डिश यांच्यात फक्त वायर कमी पडते आहे. चार दिवसांत मी घेऊन येतो. मग लगेच रेशमीच्या बापाला बोलव."

"हिला हलवायचं नाही," रूमाल्या म्हणाला.

"अजिबात नाही."

"वायर कमी आहे."

"तेवढंच कमी आहे."

त्याने मान हलवली. खांबाभोवती काट्यांचं कुंपण घालायला त्याने तेव्हाच सुरुवात केली.

चार दिवसांचे किती झाले, काय सांगू! खाली उतरताना माझा गुडघा मुरगळला तो सुजून भोपळा झाला. मी खाटेवर पडलो. आप्पा नंदुरबारला गेले, तर आमच्या जाडीची वायर संपलेली. चार दिवसांनी या म्हणाले. मग आप्पांना ताप आला. बाजार चुकला. दुसराही चुकला. दिवाळी आली आणि गेली. खाटेवर पडल्या पडल्या मी दिवस मोजत होतो. मोलगीच्या एका जीपवाल्याने बातमी आणली की उद्या पंच बसणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. माझ्या हातात काठी, आप्पांच्या खांद्यावर वायरीचं भलं मोठं भेंडोळं. ताप उतरल्यावर आप्पांनी ती नंदुरबारहून आणली होती; साठ मीटर घेणार होते, मी सत्तर घ्यायला लावली. जीप थांबते तिथून चढायला मला तासाऐवजी अडीच तास लागले. पोहोचायच्या आधीच निर्णय झाला तर काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं.

पाड्यावर पोहोचलो. महूपाशी आलो.

महू होता. त्याच्याखाली घर नव्हतं!

जमिनीत खांबांचे खड्डे. चुलीचे तीन काळे दगड. राख. कौलांचे तुकडे. बस. मी तिथेच दगडावर बसलो. मला वाटलं, संपलं. सगळं मोडून माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेली. आप्पांनी भेंडोळं खाली टाकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. आप्पा कधी कोणाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत.

तेवढ्यात वरून बाईच्या रडण्याचा आवाज आला. मोठमोठ्याने, हुंदके देत. मागे बाजाच्या पेटीचे सूर.

आप्पा म्हणाले, "बापू... हाई तं सात वाजानी मालिका शे! दुपारी परत दावतस!"

आप्पांनी भेंडोळं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि आम्ही बांधावर चढलो. माझी डिश जिथल्या तिथे, काट्यांच्या कुंपणात. आणि तिला खेटून रूमाल्याचं घर! तेच सागाचे खांब, त्याच कुडाच्या भिंती, तीच कौलं. अंगण नवं सारवलेलं. बाजूला मोठमोठी भांडी उपडी घातलेली, वीस-पंचवीस माणसं जेवून गेल्यासारखी. डोंगरात असं काम निघालं की लाह बोलावतात. सगळा पाडा येतो, मजुरी नाही, जेवण द्यायचं. छपरावर शेवटची कौलं लावत दिवाल्या बसला होता आणि त्याला खालून कौल देत होता त्याचा तो धाकटा काका, फांदीवाला.

मी दारात गेलो. आत रेशमी ज्वारी निवडत होती, म्हणजे पंचांना बसायचं कामच उरलं नव्हतं. नजर पडद्यावर. माझी सावली पडली तसं तिने वर न पाहताच हात हलवला. "बाबा, आत ये नाही तर बाहेर जा. दारात नको."

मी बाहेर आलो. रूमाल्या डिशच्या खांबापाशी उभा होता. मी म्हणालो, "दादा, अरे हे काय केलंस? मी वायर आणली ना! सत्तर मीटर!"

रूमाल्याने आप्पांच्या खांद्यावरचं भेंडोळं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. खांबाला एक वेटोळं बांधून ठेवलं होतं, योजनेच्या दहा मीटर वायरीतलं. ते त्याने सोडलं, त्यावरची धूळ पुसली आणि माझ्या हातात ठेवलं.

"तुझी चार हात उरली," तो म्हणाला. "घेऊन जा."